पेनड्राइव्ह तुमचा, कॉम्प्युटर दुसऱ्याचा

प्रश्न: मी अहिल्यानगरला राहते, घरून अनुवाद आणि मुद्रितशोधनाची कामं करते. आईचं ऑपरेशन झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी सोलापूरला जाते, चार-पाच दिवस मुक्काम असतो. माझा लॅपटॉप जुना आणि जड आहे, चार्जर काढला की पाच मिनिटांत मान टाकतो. एसटीच्या गर्दीत तो सांभाळणं नको वाटतं. आईकडे भाच्याचा डेस्कटॉप आहे, गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, आणि मधूनमधून पुण्यात प्रकाशकांच्या ऑफिसात बसूनही काम करावं लागतं. भाच्याने मला एक पेनड्राइव्ह तयार करून दिला. त्यात ‘पोर्टेबल’ सॉफ्टवेअर आहेत, इन्स्टॉल न करता चालतात म्हणे. लिबरऑफिस चाललंही. पण घरी २१२ पानांची असलेली फाइल सोलापुरात २१९ पानांची झाली आणि मी ‘पान ८७, ओळ ४’ असे केलेले सगळे उल्लेख चुकले. परवा झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला, तर आता उघडल्यावर आत फक्त एक शॉर्टकट दिसतो. दिवाळी अंकांची कामं तोंडावर आहेत. लॅपटॉप घरी ठेवून नुसत्या पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू का? मेल आणि बँकेची कामंही त्यातूनच करू का? की कर्ज काढून नवा लॅपटॉप घेऊ?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. कर्ज काढू नका, निदान या हंगामात तरी नको. तुमचं काम मजकुराचं आहे, आणि मजकुराच्या कामाला पेनड्राइव्ह पुरतो. फक्त तो कुठल्या कॉम्प्युटरला लावायचा आणि कुठल्या नाही, हे आधी पक्कं करायला हवं. भाच्याने सॉफ्टवेअर भरून दिली, पण हा भाग बहुधा सांगितला नाही.

आणि तो शॉर्टकट दिसतोय ना, त्याच्यावर अजून क्लिक केलं नसेल तर करू नका. त्याच्याकडे मी पुढे येते.

पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्या. नेहमीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं तेव्हा विंडोजमध्ये ठिकठिकाणी आपला पसारा मांडतं. पोर्टेबल आवृत्ती तो सगळा पसारा स्वतःच्या एका फोल्डरमध्ये ठेवते. तुमची सेटिंग, तुमचा शब्दकोश, शेवटी उघडलेल्या फाइलींची यादी, सगळं पेनड्राइव्हवरच राहतं. ही कल्पना काही नवी नाही. जॉन हॅलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर अशा रूपात आणला, त्यातून पुढे पोर्टेबलॲप्स डॉट कॉम उभं राहिलं आणि ते आजही चालू आहे. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनीही हात मारून पाहिला. यू-थ्री नावाचे ‘स्मार्ट’ पेनड्राइव्ह आले आणि गेले. मायक्रोसॉफ्टने अख्खं विंडोज पेनड्राइव्हवर चालवण्याची ‘विंडोज टू गो’ ही सोय दिली होती, ती २०२० च्या आवृत्तीत काढून टाकली. टिकली ती ही साधी, फुकटची पद्धत.

पण या पद्धतीने फक्त इन्स्टॉल करण्याचा प्रश्न सुटतो. कीबोर्ड त्या कॉम्प्युटरचा, मेमरी त्याची, विंडोज त्याचं, फॉन्ट त्याचे. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ आधी त्याच्या विंडोजमधून जाते आणि मग तुमच्या लिबरऑफिसपर्यंत पोचते. त्या विंडोजमध्ये कुणी कान लावून बसलेलं असेल, तर पेनड्राइव्हवरचं सॉफ्टवेअर कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नाही. पोर्टेबल सॉफ्टवेअर मागे खूण ठेवत नाही, असंही सर्रास म्हटलं जातं. तेही खरं नाही. अमुक पेनड्राइव्ह लावला होता याची नोंद विंडोज ठेवतं, अलीकडे उघडलेल्या फाइलींची नावं ठेवतं, छपाईसाठी पाठवलेल्या पानांची तात्पुरती प्रतही करतं.

आता त्या सात पानांकडे वळू. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, पण माझा संशय मंगल फॉन्टवर आहे. मराठीत टाइप करणाऱ्या जुन्या लोकांच्या निम्म्या फाइली मंगलमध्ये असतात, कारण कित्येक वर्षं विंडोजमध्ये देवनागरीसाठी तोच आयता मिळायचा. विंडोज ८ पासून निर्मला हा नवा फॉन्ट आला. विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता ही मंडळी सरसकट सगळ्यांना मिळत नाहीत. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडली तर ती मागून उतरतात. तुमच्या घरच्या लॅपटॉपवर मराठी जोडलेली असणारच. भाच्याच्या डेस्कटॉपवर कशाला असेल? तो गेम खेळतो. तिथे लिबरऑफिसला मंगल मिळाला नाही, म्हणून त्याने गुपचूप दुसरा देवनागरी फॉन्ट लावला. त्या फॉन्टच्या ओळीची उंची निराळी, अक्षरांची रुंदी निराळी. पानागणिक एक-दीड ओळ खाली सरकली तरी दोनशे पानांत सात पानं सहज वाढतात.

हे ओळखायची एक खूण आहे. लिबरऑफिसमध्ये वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं ना, ते तिरप्या अक्षरांत दिसत असेल तर तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही आणि तुम्ही बघताय तो बदली कामगार आहे. सोलापुरात पोचल्यावर फाइल उघडली की पहिली नजर तिथे टाकायची.

यावर कायमचा उपाय म्हणजे फॉन्टही बरोबर न्यायचा. त्यासाठी मंगल सोडा. तो मायक्रोसॉफ्टचा आहे, उचलून दुसरीकडे नेण्याचा परवाना आपल्याकडे नसतो. खुल्या परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता भरपूर आहेत. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’, गूगलचा नोटो सेरिफ देवनागरी, किंवा खास मराठी वळणाचे ल आणि श असलेला टिरो देवनागरी मराठी. दोनशे पानं वाचायची असतील तर मी टिरो घेईन, डोळ्यांना निवांत वाटतो. यांतला एक उतरवा आणि पेनड्राइव्हवरच्या लिबरऑफिस पोर्टेबलच्या फोल्डरमध्ये जा. तिथे ‘ॲप’, त्यात ‘लिबरऑफिस’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘फॉन्ट्स’, त्यात ‘ट्रूटाइप’ असा रस्ता आहे. फॉन्टच्या फाइली तिथे टाकल्या की लिबरऑफिस त्या आपल्याबरोबरच घेऊन उठतं, भाच्याच्या विंडोजमध्ये काही घालावं लागत नाही. लक्षात एवढंच ठेवा की लिबरऑफिसची नवी आवृत्ती चढवली की ‘ॲप’ हा फोल्डर नव्याने तयार होतो आणि तुमचे फॉन्ट उडतात. म्हणून त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा.

फॉन्ट बदलताना एक घोळ हमखास होतो. लिबरऑफिसमध्ये रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा अशी दोन खाती असतात. देवनागरीच्या खात्याला तिथे ‘सीटीएल’ म्हणतात. स्टाइलमध्ये जाऊन वरच्या खात्यात टिरो निवडलात आणि खालच्या खात्यात मंगल तसाच राहिला, तर इंग्रजी शब्दांचा फॉन्ट बदलेल आणि मराठी मजकूर ढिम्म हलणार नाही. दोन्हीकडे बदल करा. शिवाय ‘फाइल’मधल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट’ नावाचा टॅब आहे, तिथे दस्तऐवजातच फॉन्ट गुंडाळून ठेवायची सोय आहे. ती चालू केली की फाइल थोडी जड होते, पण प्रकाशकांकडे लिबरऑफिसमध्ये उघडली तरी पान हलत नाही.

त्यांच्याकडे वर्ड असेल तर मात्र पानांच्या आकड्यांवर विसंबू नका. वर्ड आणि लिबरऑफिस ओळी मोडण्याचं काम आपापल्या हिशेबाने करतात, एकच फॉन्ट असला तरी. ‘पान ८७, ओळ ४’ असं लिहायचं असेल तर ते एका ठरलेल्या पीडीएफवरून लिहा, आणि ती पीडीएफ दोघांकडे असू द्या. पीडीएफवर टिपणं करायला पीडीएफ-एक्सचेंज एडिटरची पोर्टेबल आवृत्ती मिळते. एखाद्या अंकाचे संपादक अजून श्री-लिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टांत मजकूर पाठवत असतील तर पेनड्राइव्हवर कितीही उठाठेव करून फायदा नाही. त्या फॉन्टाशिवाय तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. त्यांना स्पष्ट सांगा, ‘प्रवासात असेन, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा रूपात) द्या नाहीतर प्रुफाची पीडीएफ द्या.’

टायपिंगचंही तसंच. लिबरऑफिस पोर्टेबल असलं तरी मराठी कीबोर्ड विंडोज पुरवतं. भाच्याच्या कॉम्प्युटरवर भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची ठरलेली कळांची मांडणी, येत असेल तर उत्तम. येत नसेल तर विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये उच्चारानुसार टाइप करायचा मराठी कीबोर्डही आहे. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. परतीच्या एसटीआधी भाषा पुन्हा इंग्रजीवर आणायला विसरू नका, नाहीतर रात्री भाच्याच्या गेममध्ये देवनागरी उमटायला लागेल आणि पुढच्या वेळी कॉम्प्युटर ‘बिघडलेला’ असेल.

आता तो शॉर्टकट. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत हा रोग इतका जुना आहे की दुकानदारालाही त्याचं काही वाटत नाही. दिवसभरात पन्नास जणांचे पेनड्राइव्ह त्याच एका कॉम्प्युटरला लागतात. त्यांतून पसरणाऱ्या किड्याची, म्हणजे व्हायरसची, रीत अशी: पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली तो लपवतो, बहुतेक वेळा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये, आणि वर पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट ठेवतो. तुम्ही क्लिक केलंत की आधी किडा जागा होतो आणि पाठोपाठ तुमच्या फाइलीही उघडून दाखवतो. सगळं दिसतंय म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि तो कॉम्प्युटरही लागलीच बाधित होतो.

तुमच्या फाइली बहुतेक शाबूत असतील. भाच्याला सांगा, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर अद्ययावत करून आधी पेनड्राइव्ह तपासू दे. मग फोल्डरच्या ‘व्ह्यू’ सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवायच्या आणि सिस्टिमच्या फाइली झाकून ठेवण्याची खूण काढायची. दोन्ही करावं लागतं, नुसत्या पहिल्याने त्या दिसत नाहीत. मग फक्त तुमचे दस्तऐवज आणि पीडीएफ उचलायच्या. तेवढ्याच. पेनड्राइव्हवरची सॉफ्टवेअर वाचवायचा मोह नको. चालणाऱ्या फाइलींना संसर्ग झालाय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, आणि तुमचा पेनड्राइव्ह तर अशा फाइलींनीच भरलेला आहे. तो पूर्ण फॉरमॅट करा आणि सॉफ्टवेअर पोर्टेबलॲप्स डॉट कॉमवरून नव्याने उतरवा. भाच्याने मूळ संच कुठून आणला होता तेही विचारा. टेलिग्रामवरच्या कुठल्या ग्रुपमधून आणला असेल, किंवा त्यात ‘पोर्टेबल वर्ड’, ‘पोर्टेबल फोटोशॉप’ असली रत्नं असतील, तर ती पुन्हा घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट वर्डची पोर्टेबल आवृत्ती काढतच नाही. जे फिरतं ते कुणीतरी कुलूप फोडून बांधलेलं असतं, आणि बांधणाऱ्याने आत आणखी काय ठेवलंय ते त्यालाच ठाऊक.

यापुढे झेरॉक्सच्या दुकानासाठी दुसरा पेनड्राइव्ह ठेवा. सर्वांत स्वस्त, सर्वांत लहान. त्यात फक्त छापायची पीडीएफ टाकायची, आणि दुकानातून आल्यावर तो फॉरमॅट केल्याशिवाय तुमच्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावायचा नाही. कामाचा पेनड्राइव्ह त्या दुकानाची पायरी चढणार नाही. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून छापून घेणं सोपं वाटतं, आणि संसर्गाच्या दृष्टीने ते बरंही. पण मग लेखकाचं अप्रकाशित हस्तलिखित दुकानाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षभर पडून राहतं. स्वतःच्या वीजबिलाची प्रत असेल तर व्हॉट्सॲप चालेल. दुसऱ्याची कादंबरी असेल तर नको.

म्हणजे तुमच्या तीन जागांपैकी झेरॉक्सचं दुकान बाद झालं, तिथे छपाईपलीकडे काही करायचं नाही. सायबर कॅफेलाही हाच नियम लावा. तिथे आणखी एक गोष्ट आहे: सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार कोण बसलं आणि कुठल्या साइट उघडल्या याची नोंद चालकाने किमान एक वर्ष ठेवायची असते. तो काही गैर करत नाही, त्याला ते बंधनकारक आहे. पण पेनड्राइव्हवरच्या ब्राउझरमुळे आपण अदृश्य झालो असं कुणी समजू नये.

प्रकाशकांच्या ऑफिसात आधी विचारा. पेनड्राइव्ह लावू का, एवढंच. अनेक ऑफिसांत यूएसबी बंद असतं किंवा बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर उघडत नाही. ते अडवणारं कुलूप तिथल्या कुणीतरी विचार करून लावलेलं असतं, त्याला वळसा घालायला जाऊ नका. खरं म्हणजे तिथे तुम्हाला पोर्टेबल सॉफ्टवेअरची गरजच नाही. त्यांच्याकडे वर्ड आहे, फॉन्ट आहेत. फाइल मेलवर आधी पाठवून ठेवा आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसा.

राहिला भाच्याचा डेस्कटॉप. तुमचं नव्वद टक्के काम तिथेच होणार, म्हणून थोडा वेळ त्याच्यावर घाला. विंडोज कुठलं आहे ते बघा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जुन्या मशीनवर ११ चढत नाही, पण निदान तोवरचे सगळे अपडेट घातलेले असावेत. विंडोज ७ असेल तर लिबरऑफिसच्या २५.८ पासूनच्या आवृत्त्या त्यावर चालणारच नाहीत. फुकटात मिळवलेले गेम आणि ‘क्रॅक’ भरलेले असतील तर भाच्याशी गोड बोलून तुमच्यापुरतं वेगळं विंडोज खातं तयार करून घ्या. वेगळ्या खात्याने सगळा धोका जात नाही, पण पसारा वेगळा राहतो. आणखी एक, फार कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट: कॉम्प्युटर सुरू झाल्यावर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमधला बटनसेल संपलेला असला की तारीख मागच्याच कुठल्यातरी वर्षाची दिसते. मग तिथे सेव्ह केलेली फाइलही त्याच तारखेची होते. घरी आल्यावर तुम्ही ‘नवी कुठली, जुनी कुठली’ हे तारखेवरून ठरवायला गेलात तर चार दिवसांचं काम जुन्या प्रतीखाली गाडलं जाईल. सेल स्वस्तात मिळतो, बदलून घ्या. तरीही फाइलच्या नावातच दिवस आणि गाव लिहायची सवय लावा: ‘कथा३_१२ऑगस्ट_सोलापूर’. रोज नवं नाव, जुन्यावर सेव्ह करायचं नाही.

हे सगळं करूनही ते मशीन मनाला पटत नसेल तर आणखी एक वाट आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, घालून कॉम्प्युटर थेट त्यावरूनच सुरू करायचा. मग भाच्याचं विंडोज झोपलेलंच राहतं. युबंटूसारख्या लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट आणि लिबरऑफिस मिळतं. पण सुरू करताना एफ-१२, एफ-२, एस्केप यांतली नेमकी कळ शोधा, सिक्युअर बूट या सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीची कटकट सोसा, आणि वर प्रिंटर चालेल की नाही ही धाकधूक. गोपनीय कागदपत्रांचा अनुवाद करणाऱ्यांनी हा खटाटोप जरूर करावा. दिवाळी अंकातल्या कथांसाठी मला तो जास्त वाटतो.

मेल आणि बँक. बँक नाही, भाच्याच्या कॉम्प्युटरवरूनसुद्धा नाही. तुमच्या हातात फोन आहे, तिथेच करा. मेलचं जरा सविस्तर सांगते, कारण पेनड्राइव्हवर फायरफॉक्स ठेवून त्यात जीमेल कायम उघडं ठेवण्याची युक्ती अनेकांना आवडते. लॉगिन केल्यावर मिळालेली परवानगी त्या ब्राउझरच्या फोल्डरमध्ये साठवलेली असते, म्हणजे पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह स्वारगेटला बाकावर विसरला, किंवा एखाद्या बाधित कॉम्प्युटरने त्याची मुकाट्याने प्रत करून घेतली, तर दुसऱ्याच्या हाती तुमचं उघडं जीमेल लागतं. त्याला ओटीपीही विचारला जाईलच असं नाही. सेव्ह केलेले पासवर्डही, मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर, सहज वाचता येतात. म्हणून पेनड्राइव्हवर ब्राउझर ठेवूच नका.

मग फाइल पाठवायची कशी? फोनमधून. एका टोकाला नेहमीचं यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेला दुतोंडी पेनड्राइव्ह मिळतो, तो घ्या. संध्याकाळी काम संपलं की दुसरं टोक फोनला लावायचं, फाइल गूगल ड्राइव्हवर चढवायची किंवा मेलने पाठवायची. तुमचा पासवर्ड भाच्याच्या कीबोर्डवर एकदाही उमटत नाही आणि दिवसाची एक प्रत बाहेर सुरक्षित राहते. ३२ जीबी तुम्हाला भरपूर झाला. तेवढे पेनड्राइव्ह साधारणपणे फॅट-३२ पद्धतीचे असतात, ते विंडोज आणि अँड्रॉइड दोन्ही वाचतात. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहत नाही, पण तुमचं तेवढं मोठं काही नसतंच. यूएसबी ३ चा घ्या आणि कॉम्प्युटरच्या निळ्या पोर्टला लावा. जुन्या पेनड्राइव्हवरून लिबरऑफिस उठायला इतका वेळ लागतो की माणूस तीनदा क्लिक करतो आणि मग तीन खिडक्या एकदम येऊन आदळतात. दुकानातूनच घ्या. फूटपाथवर शे-दोनशे रुपयांत ‘२ टीबी’चे मिळतात ते खोटे असतात. आतली चिप लहान असते, ती भरली की पुढच्या फाइली साठवल्यासारख्या दिसतात आणि उघडत नाहीत. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हची खरी क्षमता तपासून देतं.

लेखकांच्या फाइलींना कुलूप लावायचं असेल तर व्हेराक्रिप्ट या कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. पोर्टेबल असलं तरी त्याला त्या कॉम्प्युटरचे ॲडमिनचे हक्क लागतात. विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, बिटलॉकरने, बांधलेला पेनड्राइव्ह फोन वाचत नाही. तुम्हाला लिबरऑफिसचं स्वतःचं कुलूप पुरे: सेव्ह करताना ‘पासवर्डसह’ ही खूण करायची. एन्क्रिप्शन पक्कं आहे, इतकं की पासवर्ड विसरलात तर कुणीही उघडून देऊ शकणार नाही. आणि पेनड्राइव्हवर एक साधी, बिनकुलुपाची फाइल ठेवा, ‘सापडल्यास’ या नावाची, आत तुमचा फोन नंबर.

पेनड्राइव्ह काढताना आधी लिबरऑफिस पूर्ण बंद करा, मग ‘इजेक्ट’. ‘वापरात आहे’ असं विंडोज म्हणत असेल तर कुठलंतरी सॉफ्टवेअर मागे चालू आहे. सापडत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि मग काढा. ओढून काढू नका. साध्या फाइली ठेवलेला पेनड्राइव्ह एखाद्या वेळी तसा ओढला तरी निभावून जातं, पण इथे सॉफ्टवेअर स्वतःच तिथून चाललेलं असतं आणि सतत काहीतरी लिहीत असतं. लिबरऑफिसच्या सेटिंगमध्ये ‘लोड/सेव्ह’खाली ऑटोरिकव्हरीची, म्हणजे आपोआप प्रत राखून ठेवण्याची, वेळ असते, ती मुळात दहा मिनिटांची आहे. तुम्ही तीनवर आणा. सोलापुरातली वीज सांगून जात नाही, आणि भाच्याकडे यूपीएस असेल असं मला वाटत नाही.

तुमच्यासारखीच विचारणा हिशेबाची कामं करणाऱ्यांकडूनही येते, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. डिजिटल सहीचं टोकन पेनड्राइव्हसारखं दिसत असलं तरी त्याला प्रत्येक कॉम्प्युटरवर ड्रायव्हर इन्स्टॉल करावा लागतो, ते पोर्टेबल होत नाही. आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली ‘कंपनी’, म्हणजे एका व्यवसायाचे सगळे हिशेब, पेनड्राइव्हवर ठेवून थेट तिथूनच नोंदी करू नका, अर्ध्यात पेनड्राइव्ह निसटला तर डेटा बिघडतो. प्रत उतरवून काम करा, मग बॅकअप घेऊन परत न्या.

लॅपटॉपचं शेवटी. तुमचा लॅपटॉप घरी व्यवस्थित चालतोय, मेली आहे ती बॅटरी. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे मॉडेल नंबर घेऊन जा आणि नव्या बॅटरीची किंमत विचारा. नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांपुढे ती किरकोळ निघेल. बॅटरी बदलूनही तो एसटीत नेणं जमणार नसेल, आणि सोलापूरच्या फेऱ्या दिवाळीनंतरही चालूच राहणार असतील, तर तेव्हा एखादा हलका, जुना पण दुरुस्त केलेला लॅपटॉप बघा. त्यात एसएसडी आणि ८ जीबी रॅम असली की अनुवादाच्या कामाला काही कमी पडत नाही.

तोवर पेनड्राइव्ह नव्याने भरून झाला की पुढच्या सोलापूरच्या फेरीआधी तो शेजारच्या कुणाच्यातरी कॉम्प्युटरला लावून बघा, तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर नको. तुमच्या लॅपटॉपवर मंगल आहे, मराठी कीबोर्ड आहे, तिथे काय राहून गेलं ते दिसणारच नाही. तीच २१२ पानांची फाइल नव्या फॉन्टमध्ये दोन्हीकडे उघडा. पानांचा एकूण आकडा आता वेगळा येईल, त्याची काळजी नको. दोन्हीकडे तो एकच यायला हवा.